मामांची भाची आणि मातीचा शिक्का

ती धावतच स्टुडिओतल्या वळणावर आली, तो समोरून आला, आणि धाड! तिच्या काखेतलं चार हजार वर्षांपूर्वीचं मडकं – म्हणजे कला विभागाने कालच रंगवलेलं – फरशीवर पडून त्याची खापरं झाली.

"मेले!" ती म्हणाली.

तो तोवर गुडघ्यांवर बसलाही होता. एकेक तुकडा उचलून उजेडात धरत होता.

"छान फुटलंय हो. कडा बघा."

"अहो, खोटं आहे ते!"

"ते कळलं. चार हजार वर्षांपूर्वी बुडाला बारकोड चिकटवत नव्हते." त्याने चष्मा वर सारला. चष्म्यावर धूळ, खिशात दोन कुंचले, आणि डोळ्यांत... डोळ्यांत हसू होतं की काय, ते तिला नीट कळेना. "तुम्ही भाची ना?"

"आणि तुम्ही सल्लागार. ज्यांना काहीच पसंत पडत नाही, ते."

"काहीच नाही असं नाही," तो म्हणाला, आणि उगाचच खाली तुकड्यांकडे बघायला लागला.

झालं होतं असं. खजिन्यांच्या मागे रानोमाळ हिंडणाऱ्या एका प्राध्यापकाच्या साहसपटांनी एके काळी लोकांना वेड लावलं होतं. तीन भाग आले, आणि मग वीस-बावीस वर्षं सगळं गप्प. आता अचानक चौथा भाग निघाला होता. नायक तोच. साठी ओलांडलेला, पायऱ्या चढताना गुडघे वाजणारा, पण टोपी तिरकी केली की अजूनही सेटवर शिट्ट्या घेणारा. या भागात त्याला एक भाची दिली होती. ही नाटकात कामं करणारी मुलगी, पहिलाच सिनेमा. पडद्यावरचं नातं सेटवरही चिकटलं. तो सगळ्यांचा मामा झाला आणि ती सगळ्यांची भाची.

आणि सल्लागार? तो खरोखरीचा उत्खनन करणारा. विद्यापीठातून आणलेला, जाणकारांनी हसू नये म्हणून. पण दिग्दर्शक त्याला बघितलं की कपाळाला हात लावायचा.

"भिंतीवरच्या चित्रांजवळ मशाल नेऊ नका, काजळी धरेल."

"सापळा असा खांद्यावर टाकून कुणी पळत नाही हो."

"पळत नाही, तर मग काय करतात?" दिग्दर्शक ओरडायचा.

"बसतात. दोन-तीन आठवडे."

सगळा सेट हसायचा. भाची सगळ्यांत जास्त. मग जेवणाच्या सुट्टीत ती त्याला गाठायची. कुंचला कसा धरायचा ते शिकायचं, असं निमित्त होतं. वाळूने भरलेल्या खोक्याशी दोघं उकिडवे बसायचे.

"दाबू नका. गालावरची पापणी काढावी तसं... हलकं."

"कुणाच्या गालावरची?"

त्याचा कुंचला वाळूत रुतला. कान लाल झाले. भाचीला त्या दिवशी डब्यात काय होतं तेसुद्धा आठवेना.

एक दिवस मात्र तिने त्याला रंगेहाथ पकडलं. मामा जुन्या भागातलं एक गाजलेलं भाषण पुन्हा म्हणत होते. दिव्यांच्या मागे, केबलच्या भेंडोळ्यापाशी सल्लागार उभा, आणि त्याचे ओठ हलत होते! शब्दन् शब्द. मामा जिथे थांबले तिथे थांबत, जिथे भुवई उडवली तिथे भुवई उडवत.

"अस्सं!" ती मागून कानाशी म्हणाली. तो केवढा दचकला.

"कुणाला सांगू नका."

"आधी सगळं सांगा, मग ठरवते."

"लहानपणी पहिला भाग बघितला आणि घरी येऊन आईचा गुलाबांचा वाफा खणून काढला," तो पुटपुटला. "सगळा."

"मग? सापडलं काही?"

"एक चमचा. आणि आईचा मार. पण तो चमचा मातीतून वर येताना जे वाटलं ना... अजून तेच वाटतं. रोज." तो थांबला. "म्हणूनच चिडतो मी. आपल्या माणसावरच चिडतो ना आपण?"

"नाही सांगणार," ती म्हणाली. पण छातीत काहीतरी एकदम मोठ्ठं होऊन बसलं, ते दिवसभर हललं नाही.

चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवशी शेवटचा प्रसंग आला तो असा. भुयार कोसळतं, मामा सोन्याचा मुखवटा भाचीकडे फेकतात, ती तो पकडताना घसरते, किंचाळते, मामा तिला ओढून वाचवतात. सेट एकदाच पडणार होता. पुन्हा उभा करायला वेळ नव्हता.

"सगळ्या सिनेमाभर मी किंचाळतेच आहे," ती सकाळी सल्लागाराला म्हणाली. "खरी उत्खनन करणारी असती, तर तिने काय केलं असतं?"

तो सेटकडे बघत राहिला. "सोनं सोडलं असतं. त्या कोनाड्यात मातीचा शिक्का ठेवलाय ना, तो उचलला असता. सोनं नुसतं चमकतं. शिक्क्यावर कुणाचं तरी नाव असतं." मग जरा घुटमळून म्हणाला, "मी उद्या निघतोय. आमचं खोदकाम सुरू होतंय. तेव्हा... आजचा प्रसंग बघून जाईन."

उद्या!

तिने तडक दिग्दर्शकाला गाठून विचारलं, मुखवटा सोडून शिक्का उचलला तर? तो म्हणाला, "भाची, तू फक्त किंचाळ."

कॅमेरे सुरू झाले. मोठाले पंखे घोंगावले, प्लास्टरची धूळ उडाली, खांब कडाकडा मोडायला लागले. मामांनी मुखवटा फेकला. तो हवेत लखलखत आला... आणि तिने हातच पुढे केला नाही. मुखवटा तिच्या पायाशी आपटून खड्ड्यात गेला. ती वळली, कोनाड्यातला मातीचा शिक्का झडप घालून उचलला, छातीशी धरला आणि मामांच्या दिशेने उडी मारली. किंचाळली नाही. हसत होती!

मामा क्षणभर गोंधळले. पण मुरलेला नट तो. त्यांनी तिचा हात पकडला, दुसऱ्या मुठीतला शिक्का बघितला आणि टोपी तिरकी करून म्हणाले, "जन्मभर मी उगाच सोन्यामागे धावलो, पोरी. आता तू पुढे हो!"

मागे छत कोसळलं.

"कट!"

दिग्दर्शक मॉनिटरसमोर वाकून ते पुन्हा बघत होता. एकदा. परत एकदा. मग त्याने वळून मामांकडे बघितलं. "हाच शेवट," तो म्हणाला. "आणि भाची, तू... जा, चहा पी, नाहीतर मी ओरडेन." टाळ्यांचा एकच कडकडाट झाला.

धुळीतून कुणीतरी केबल्स ओलांडत, ठेचकाळत पळत येत होतं. सल्लागार! चष्मा हातात, केस पांढरेफटक.

"अगं, काय केलंस तू! कसली उडी मारलीस! वेडी आहेस का तू?"

"तू?" ती धापा टाकत म्हणाली. "आजवर तर 'तुम्ही' होते मी."

तो जागीच थिजला. "तोंडातून निघून गेलं."

"मग आत घेऊ नका."

"ऐक ना," तो एकदम हळू आवाजात म्हणाला. "तिकडे तंबू आहे, ऊन आहे, महिना महिना नुसती खापरं. कुणाला बोलवावं अशी जागा नाही. पण उद्या निघायचं म्हटलं की माझा पायच निघत नाहीये. मला तू आवडतेस. फार. पहिल्या मडक्यापासून."

दुरून ध्वनिमुद्रण करणाऱ्या ताईंनी कानांवरचे हेडफोन उंचावले आणि खणखणीत ओरडल्या, "सल्लागार! तिच्या कॉलरीतला माइक अजून चालूच आहे! सगळं स्वच्छ आलंय!"

सेटवर हास्याचा स्फोट झाला. मामा तर गुडघे विसरून खालीच बसले. सल्लागाराला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

भाचीने मात्र कॉलर चिमटीत धरून तोंडाजवळ ओढली, आणि त्याच्या डोळ्यांत बघत, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "ताई, उत्तरही घ्या. मलाही तो आवडतो. आणि उद्याच्या गाडीत माझी जागा ठेवायला सांगा त्याला!"