क्यू-सातच्या नोंदी

हसू नका, पण भर दुपारी, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात माझी पाचावर धारण बसली होती.

काम तसं साधं होतं. आमची कंपनी दवाखान्यात सलाइनमधून औषध सोडणाऱ्या यंत्रांचे प्रोग्राम लिहिते. कुणी, कधी, काय बदललं याच्या सतरा वर्षांच्या नोंदी जुन्या सिस्टिममध्ये होत्या. त्या मला जशाच्या तशा नव्या सिस्टिममध्ये न्यायच्या होत्या. जुनीत नुसती टोपणनावं, नवीला पूर्ण नाव लागतं. म्हणून आधी यादी करायची, की हे टोपणनाव म्हणजे अमुक माणूस. एक जरी नाव सुटलं तरी काम तिथेच थांबतं.

चाचणी विभागातल्या काकूंनी, म्हणजे सगळ्या ऑफिसच्याच त्या काकू, चाळीस नावं धडाधड सांगितली. 'क्यू-सात'ला मात्र अडल्या.

"असं कुणी नव्हतं रे इथे."

मी वेळ मारून नेली. त्याच्यापुढे माझंच नाव टाकलं, नंतर बदलू म्हणून. वीस मिनिटांत सगळं उतरलं. अकरा वर्षांपूर्वीच्या एका नोंदीवर आता माझं नाव होतं: 'औषधाची मात्रा मोजण्याची पद्धत बदलली. तपासलेली नाही.' तेव्हा मी नववीत होतो.

काकू चहा घेऊन परतल्या आणि माझ्यामागे थबकल्या. स्पिरिटचा वास आला, इंजेक्शनच्या आधी येतो तसा.

"परत आलास ते बरं केलंस," त्या हळूच म्हणाल्या. "ते बाळ गेलं, त्यात तुझा एकट्याचा दोष नव्हता..."

"काकू, मी आठ महिन्यांपूर्वी लागलोय इथे."

त्यांनी नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

माझं डोकंच चालेना. घरी फोन लावला. "आई, अकरा वर्षांपूर्वी मी शाळेत होतो ना गं?"

"राजा... तो विषय नको ना. त्या बाळाच्या आईनेसुद्धा माफ केलंय तुला."

आणि खरं सांगतो, क्षणभर मला ती नोंद लिहिल्याचं आठवलंही.

ते पाप माझं नव्हतं, मला ते नको होतं. मी यादी उघडली. घाईघाईत, माझं नाव जिथे जिथे होतं तिथे तिथे एका फटक्यात 'अज्ञात' करून टाकलं आणि सगळं पुन्हा चालवलं. माझ्या स्वतःच्या आठ महिन्यांच्या नोंदीही त्यात गेल्या, हे नंतर लक्षात आलं. कुठे काही अडलं नाही.

पुन्हा आईला फोन केला.

"हळू बोला जरा," ती कुजबुजली. "मुलाचा आत्ता कुठे डोळा लागलाय. कोण हवंय आपल्याला?"

मी तर तिचा एकुलता एक. तिच्या मागून कुणीतरी झोपाळू आवाजात विचारलं, "आई, कुणाचा फोन?"

"कुणाचा नाही रे," ती म्हणाली. "झोप तू."