तीन वाजताचं रीडिंग

त्या काळी नागपुरात ट्रंक कॉल लावणं हे सोयरीक जमवण्याइतकंच कटकटीचं काम होतं. आधी नाव नोंदवायचं, मग तारघरातल्या बाकावर बसून राहायचं, आणि समोरचा सापडलाच तर तीन मिनिटांत दोघांनी एकमेकांना "हॅलो, ऐकू येतं का?" एवढंच विचारायचं. गांधीबागेतले कापडाचे मोठमोठे व्यापारीही त्याला कंटाळलेले असत. आम्ही मात्र मजेत होतो. आमच्याकडे कॅरिअरचा फोन होता.

कोराडीच्या रस्त्यावर, वस्ती संपते तिथे, आमचं सबस्टेशन होतं. कोळशाचे ट्रक दिवसभर समोरून जायचे आणि खिडकीच्या काचेवर बोटानं नाव लिहिता येईल इतकी धूळ साचायची. तिथल्या कॅरिअर खोलीत मी ऑपरेटर होतो. या फोनला टेलिफोनचे खांब लागत नसत. ज्या मोठ्या तारांमधून वीज जायची, त्याच तारांवरून आवाजही जायचा. बटण दाबलं की सत्तर किलोमीटरवरच्या सबस्टेशनात घंटी वाजायची आणि तिथला माणूस शेजारच्या खोलीतून बोलावा तसा बोलायचा.

फोन होता रीडिंग घेण्यासाठी. दर तासाला पलीकडचा ऑपरेटर आकडे सांगायचा, मी ते म्हणून दाखवायचो, तो "बरोबर" म्हणायचा आणि मगच आकडा लॉगशीटवर चढायचा. परत म्हणून न दाखवलेला आकडा आमच्यात आकडाच नव्हे. रीडिंग झालं की शेवटी एक प्रश्न असायचा, "काही निरोप?" हा प्रश्न कुठल्याही नियमात बसत नव्हता. पण कोण बाळंत झाली, कुणाचा तांदूळ रामटेकच्या बसवर चढला, कुणाचा म्हातारा गेला, हे सगळं त्या प्रश्नामागूनच कॉलनीत यायचं.

मी नाकासमोर चालणारा माणूस. माझ्या लॉगशीटवर खाडाखोड नसे आणि त्याचा मला गर्व होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते या गर्वापायीच झालं.

रामटेकच्या पुढे पिंपळटोल्याला आमचं एक लहान सबस्टेशन होतं. तिथे शालिकराम ऑपरेटर होता. घरची धानाची शेती भावावर सोपवून नोकरीत आलेला, हळू आवाजात बोलणारा माणूस. त्याची बायको मनकर्णा आणि पाच वर्षांची प्रेमिला इथे नागपूरला आमच्याच कॉलनीत, अगदी शेवटच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. सत्त्याहत्तर सालच्या जुलैअखेर पोरीला मुदतीचा ताप आला. शालिकरामची रजा संपलेली होती.

मनकर्णाबाईंना आकडे वाचता येत नव्हते. तीनच्या सुमारास त्या पोरीच्या काखेतून थर्मामीटर काढायच्या, न झटकता रुमालात गुंडाळायच्या आणि माझ्या खिडकीशी आणून द्यायच्या. मी वाचायचो. तीनचं रीडिंग संपलं की शालिकराम विचारायचा,

"साहेब, पोरीचा ताप?"

"एकशे तीन."

"एकशे तीन," तो म्हणून दाखवायचा. मी "बरोबर" म्हणायचो. तो आकडा तो आपल्या लॉगशीटच्या कडेला पेन्सिलनं लिहून ठेवतो, असं त्यानंच मला एकदा सांगितलं होतं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात वरून कागद आला. कॅरिअरवर खासगी बोलणं बंद. आमचे इंजिनिअर मनोहरराव कागदावर सही करून मला म्हणाले, "फार मनावर घेऊ नका, असे कागद येत राहतात." मी मात्र तो कागद भिंतीवर चिकटवला.

दुसऱ्याच दिवशी मनकर्णाबाई जवळजवळ धावतच आल्या. मी रुमाल उलगडला. पारा नव्याण्णववर होता.

"उतरला," मी म्हणालो.

बाईंनी गजांना धरून कपाळ टेकवलं. "त्याइले सांगजा, भाऊ. दोन दिवस झाले, नुसते येतो येतो करून राहिले. म्हणा, आता घोर नका करू."

मी मान हलवली. त्या घरी गेल्या. तीन वाजले, रीडिंग झालं.

"साहेब, पोरीचा ताप?"

"शालिकराम, खासगी बोलणं बंद झालंय. कागद आलाय."

"नुसता आकडा सांगा ना जी. एकच आकडा."

आकडा माझ्या जिभेवर होता. मी फोन ठेवला.

आकडा सांगत नाहीत म्हणजे पोरीचं काही बरंवाईट झालं, असंच कोणत्याही बापाला वाटणार. चार वाजता पाळी संपताच तो सायकलवर रामटेकची बस गाठायला निघाला. वाटेतल्या नाल्याला पूर होता, रपट्याच्या बुटक्या पुलावरून पाणी वाहत होतं. काठावरचे लोक थांब थांब म्हणत होते म्हणे. तिसऱ्या दिवशी तो खालच्या अंगाला सापडला. सायकल सापडलीच नाही.

प्रेमिला बरी झाली. तेराव्याला मनकर्णाबाई मला म्हणाल्या, "ताप उतरला हे ऐकूनबी निघाले, भाऊ. पोरीत जीव होता ना त्याइचा." त्यांना वाटत होतं, मी सांगितलं. मी खाली मान घालून समोरचा भात खाल्ला. मला त्या घासांची आजही लाज वाटते.

पिंपळटोल्याला मारोतराव नावाचे नवे ऑपरेटर आले. सप्टेंबर सरता सरता एक बारीकशी गोष्ट माझ्या लक्षात आली. तीनचं रीडिंग संपवून फोन ठेवला की पाचेक मिनिटांनी घंटी पुन्हा वाजायची. एकदाच, अर्धवट. उचलावा तर नुसती खरखर.

"मारोतराव, तुम्ही परत लावला होता का?"

"नाही गा. मी तर चाय पिऊन राहिलो होतो."

मी फ्यूज तपासले, बॅटऱ्यांचं पाणी पाहिलं. सगळं ठीक होतं. ऑक्टोबरात खरखरीच्या मागे आणखी काहीतरी ऐकू येऊ लागलं. पाणी वाहत असल्यासारखं. तारांवर दव पडलं की असले आवाज येतात, असं मी स्वतःला बजावलं. दुपारी तीनला कसलं दव, हे विचारणारं तिथे कुणी नव्हतं.

नोव्हेंबरात पिंपळटोल्याची लाईन दुरुस्तीसाठी चार दिवस बंद झाली. दोन्ही टोकांना तारा जमिनीशी जोडून टाकल्या. अशा वेळी कॅरिअरवरून आवाज जाऊच शकत नाही. जो आवाज तारेवर चढेल तो सरळ जमिनीत जातो. मी लॉगशीटवर त्या रकान्यात आडवी रेघ मारून ठेवली आणि पेपर उघडला.

तीन वाजून पाच मिनिटांनी घंटी वाजली. या वेळी पुरती.

"नागपूर? पिंपळटोला बोलून राहिलो. साहेब, पोरीचा ताप?"

आवाज हळू होता, नेहमीसारखाच. मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तेच. मी मनोहररावांना सांगितलं नाही. काय सांगणार? तिसऱ्या दिवशी पावणेतीनला मी स्वतः पाना घेऊन सेटच्या मागची, लाईनकडून येणारी वायर सोडवली आणि तिचं टोक खिडकीबाहेर काढून ठेवलं. आता त्या डब्याचा बाहेरच्या जगाशी कसलाही संबंध उरला नव्हता.

तीन पाचला घंटी वाजली.

"साहेब, पोरीचा ताप? नुसता आकडा सांगा ना जी."

मागे पाणी वाहत होतं. मला भीती वाटत होती, पण खरं सांगतो, भीतीपेक्षा रडू जास्त येत होतं. तीन महिने हा माणूस रोज एका आकड्यासाठी विचारतोय आणि मी रोज फोन ठेवतोय.

"नव्याण्णव," मी म्हणालो.

बराच वेळ पाण्याचाच आवाज आला.

"नव्याण्णव," त्यानं म्हणून दाखवलं.

"बरोबर."

"मग निघत नाही मी," शालिकराम म्हणाला. सुटल्यासारखा. आणि खरखरही थांबली.

मी टेबलावर डोकं ठेवून रडलो. मग तोंड धुतलं, वायर जोडली. त्या रात्री कित्येक दिवसांनी मला गाढ झोप लागली. केलेली चूक फेडता येते, असं मला त्या रात्रीपुरतं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईन सुरू झाली. दोनचं रीडिंग देताना मारोतराव म्हणाले, "काय होय समजत नाही गा. कालपासून इथं खुर्चीवर पाणी साचून राहते. पुसलं का पुन्हा वल्लं."

पावणेतीनला मनकर्णाबाई प्रेमिलाला घेऊन खिडकीशी आल्या. ऑगस्टनंतर त्या पहिल्यांदाच तिथे उभ्या होत्या. सवयीनं थर्मामीटरचा रुमालही हातात होता. चेहरा रात्रभर न झोपल्यासारखा.

"भाऊ, तुम्ही काल त्याइच्याशी बोलले काय?"

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"ते येत होते," त्या म्हणाल्या. "रोज. दिवेलागणीले सायकल वाजे, मग स्टँड लावल्याचा आवाज. मी बाहेर पाहो नाही. पाह्यलं तर येणं बंद होईन म्हणून. आत येऊन पोरीच्या कपायावर हात ठेवत. मंग जात. तिचं कपाय वल्लं राहे, भाऊ, मी पदरानं पुसो. कोणाले सांगतलं नाही. येडी म्हणतीन." त्यांनी श्वास घेतला. "काल नाही आले."

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. कालचं नव्याण्णव आणि ऑगस्टमधलं न सांगितलेलं नव्याण्णवही. भिंतीवरचा कागद अजून तिथेच होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, त्यांना तो वाचता येत नव्हता.

"म्हणजे त्याइले माहीतच नोहोतं," त्या हळूच म्हणाल्या.

"नव्हतं."

मला वाटलं, त्या शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पोरीला जवळ ओढलं आणि बराच वेळ तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या.

"आज त्याइनं विचारलं तर नव्याण्णव नका सांगू," त्या म्हणाल्या. "एकशे दोन सांगा."

"वहिनी..."

"एकशे दोन सांगा, भाऊ. मंग निघतीन ते."

मी कोणत्या तोंडानं नाही म्हणणार होतो? या बाईचा नवरा मी एका आकड्यासाठी दोनदा नेला होता. तीनचं रीडिंग मारोतरावांकडून घेतलं, म्हणून दाखवलं, लिहिलं. माझ्या हातून त्या दिवशी लॉगशीटवर पहिल्यांदा शाई सांडली.

तीन पाचला घंटी वाजली.

"साहेब, पोरीचा ताप?"

खिडकीबाहेर मनकर्णाबाई गज धरून उभ्या होत्या. प्रेमिला खाली बसून मातीत काडीनं रेघा ओढत होती.

"एकशे दोन," मी म्हणालो.

"एकशे दोन." आवाज बदलला. श्वास भरभर येऊ लागला.

"बरोबर," मी म्हणालो.

"निघतो मी."

मी बाईंकडे पाहून मान हलवली. त्या हसल्या. शालिकराम गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "चाल वं," त्या पोरीला म्हणाल्या, "भाकरी टाकाची आहे."

पोरगी उठली नाही.

काडी तिच्या हातातून गळून पडली होती. ती भिंतीला टेकून बसली होती आणि तिचे ओठ सुकलेले दिसत होते.

"काहून वं? ऊठ ना."

बाईंनी तिच्या कपाळाला हात लावला. मग गळ्याला. मग खाली बसून थर्मामीटर तिच्या काखेत धरला. समोरून कोळशाचा एक ट्रक गेला, मग दुसरा.

त्यांनी थर्मामीटर गजांमधून आत दिला. रुमालात गुंडाळायचं त्या विसरल्या होत्या.

मी वाचला. एकशे दोन.

मी वळून फोनवर झडप घातली. बटण दाबलं, पुन्हा दाबलं. "नव्याण्णव," मी ओरडलो. "शालिकराम, नव्याण्णव. चुकलं माझं, नव्याण्णव."

आकडा म्हणून दाखवायला पलीकडे कुणी नव्हतं. तो निघाला होता.