एकेचाळीस घरांचा माणूस

ठाकुरद्वारच्या नाक्यापासून चार दुकानं सोडून माझं दुकान आहे. वडिलांच्या वेळी तो स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, मुंजी, लग्नं. मोबाइलमध्ये कॅमेरा आला तेव्हा मी पडदे, दिवे, ते फिरतं स्टूल, सगळं काढून टाकलं आणि दोन स्कॅनर घेतले. लोक माळ्यावरचे अल्बम आणि निगेटिव्ह आणून देतात. मी ते कॉम्प्युटरवर उतरवतो, साफसूफ करतो आणि सीडीवर भरून देतो. बुरशी, ओरखडे, ओल लागून उडालेला थर, हे सगळं रोज माझ्या नजरेखालून जातं. हे आधीच सांगतो, कारण पुढच्या गोष्टीत एका डागाचा प्रश्न आहे आणि डाग मला ओळखता येतो.

जगदीश माझा कॉलेजपासूनचा मित्र. काळाचौकीचा. वडील गिरणीत विणकर, हा बँकेत. दोन हजार बारामध्ये त्यानं फेसबुकवर एक ग्रुप काढला, ‘पहिल्या पाळीचा भोंगा’. गिरणगावातल्या जुन्या लोकांनी आठवणी लिहाव्यात, फोटो टाकावेत, एवढाच हेतू. “तुला कॉम्प्युटरचं कळतं,” म्हणून त्यानं मलाही ॲडमिन केलं. खरं तर माझा गिरण्यांशी काही संबंध नाही. आम्ही गिरगावातले प्रभू. आजोबा सरकारी कचेरीत कारकून, वडील फोटोग्राफर. ब्याऐंशीचा संप आम्ही वर्तमानपत्रात वाचला.

वर्षभरात ग्रुपवर तीन हजार माणसं जमली. निम्मा वेळ भांडणं. कॉम्प्युटरनं माणसांचं काम खाल्लं, असं एकानं लिहायचं. मग तुम्ही हे कशावर लिहिताय, असं दुसऱ्यानं विचारायचं. कोणी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं की तिसरा त्याच्यावर तुटून पडायचा. शुभ सकाळचे गुलाब यायचे आणि जगदीश ते न कंटाळता काढून टाकायचा. मला ते सगळं आवडायचं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी तेच वाचत बसायचो.

पुढच्या दिवाळीनंतर जगदीश एक बिस्किटांचा डबा घेऊन दुकानात आला. त्यांच्या चाळीत सीताराम नावाचे एक गृहस्थ हौसेनं फोटो काढायचे. ते वारले होते आणि त्यांच्या बायकोनं हा डबा जगदीशकडे दिला होता. आत एकच रोल, छत्तीस निगेटिव्ह. वरच्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘ऑगस्ट ८२, सभा’.

पस्तीस फोटो साधेच होते. एका फोटोत मैदानावर मांडी घालून बसलेले शे-दीडशे कामगार होते. मागे चाळीची भिंत, वाळत घातलेली लुगडी, डावीकडे पाण्याचं पिंप. फोटो चांगला आला होता. सगळे बाजूनं दिसत होते, तरी चेहरे ओळखता येत होते. फक्त उजव्या कडेला, भिंतीजवळ, तांदळाच्या दाण्याएवढा एक पांढरा डाग होता. ओल लागून तिथे बुरशीचा थर चढला होता. मी तसाच स्कॅन केला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘ओळखीचं कोणी दिसतंय का?’

दहा मिनिटांत जगदीशचा फोन आला.

“वीरू, उजवीकडे उभाय तो बघितलास?”

“कोण?”

“अरे कोण काय! लहूदादा आहे तो.”

लहू हा जगदीशचा थोरला भाऊ. गिरणीत बदली कामगार होता, कोणी गैरहजर असेल त्याच्या जागी. संपाला वर्ष उलटल्यावर एकदा वडील त्याला बसून खाण्यावरून काहीतरी बोलले. तो जेवता जेवता उठला, हात धुतला आणि गेला. परत आला नाही. जगदीशच्या आईनं मरेपर्यंत त्याचं ताट मांडलं, हे मी स्वतः बघितलंय.

मी फोन कानाशी धरून पडद्याकडे बघत राहिलो. उजवीकडे कोणी नव्हतं. भिंत होती आणि डाग होता.

“दिसला ना?” जगदीशनं विचारलं. त्याचा आवाज ओला झाला होता.

“हो,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळपर्यंत वडाळ्याच्या गुणवंती नावाच्या नर्सबाईंनी लिहिलं, ‘उजवीकडे उभे आहेत ते माझे वडील, रामचंद्र. मोठा करून बघा, कानाच्या पाळीवर तीळ आहे.’ जगदीशनं लिहिलं, ‘ताई, काहीतरी चूक होतेय, तो माझा भाऊ आहे.’ मग लालबागच्या एकानं लिहिलं, आमचे काका. मग करी रोडच्या एका बाईनं, माझा मुलगा. कोणी म्हणालं, हा फोटोशॉपचा खेळ आहे, हल्ली काहीही करता येतं. कोणी म्हणालं, फोनवर एक दिसतं आणि कॉम्प्युटरवर दुसरं, हा स्क्रीनचा दोष. ज्यांच्या घरचं कोणी त्यात नव्हतं, त्यांना माझ्यासारखाच डाग दिसत होता आणि ते हसण्याच्या बाहुल्या टाकत होते.

आठ दिवसांत एकेचाळीस घरांनी तो माणूस आपला म्हणून सांगितला. मी वहीत यादी केली. मला सवय आहे तशी. यादी पूर्ण झाल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. त्या एकेचाळीसांत घरी वारलेला एकही नव्हता. सगळे संपाच्या काळात किंवा त्यानंतर घरातून बाहेर पडलेले. कोणी गावाला जातो म्हणून, कोणी कामाच्या शोधात, कोणी काहीच न सांगता. कोणाचंही पुढे काही कळलं नव्हतं.

याच सुमारास सोनूबाई नातीला घेऊन दुकानात आल्या. वय पंच्याहत्तरच्या पुढे. लालबागला त्यांची खाणावळ असे, चाळीसेक कामगार त्यांच्याकडे जेवायचे. नातीनं फोनवर फोटो दाखवल्यापासून त्यांनी तिच्या मागे लकडा लावला होता. त्यांना कागदावर हवा होता. मी मोठा प्रिंट काढला आणि काउंटरवर ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, डागावर बोट ठेवलं.

“ह्यो बघ. माझो घोव.”

त्यांचे यजमान विठोबा. त्र्याऐंशीच्या मे महिन्यात तांदूळ आणायला म्हणून एसटीत बसले, ते गावी उतरलेच नाहीत.

“आजी, नक्की तेच का?” मी विचारलं. “नीट दिसतंय?”

“माझो घोव मी वळखूचंय नाय? अंगात सदरो आसा ना, तो मी शिवलेलो.” त्या हसल्या. “चौऱ्याऐंशीच्या गणेशचवतीक. चवतीक इलो तर घालीत म्हणान. तिसरो बटन लावूचो रवलो. बघ, हात खंय धरल्यान तो. थयच बटन नाय.”

मी प्रिंटच्या खालचा मजकूर पुन्हा वाचला. मीच छापला होता. ऑगस्ट १९८२.

“तो सदरा आता कुठे आहे, आजी?”

“पेटयेत. घडी सुदीक मोडूक नाय.”

त्यांनी प्रिंटची गुंडाळी पदराखाली धरली आणि नातीचा हात धरून गेल्या.

मी घाबरलो नाही. मला राग आला, माझा स्वतःचाच. एक खराब झालेलं निगेटिव्ह मी साफ न करता लोकांसमोर टाकलं होतं आणि माणसं त्यात जीव गुंतवून बसली होती. तिकडे ग्रुपवर वातावरण बिघडलं होतं. करी रोडच्या बाईला कोणीतरी खोटारडी म्हणालं. जगदीशनं, ज्या जगदीशला मी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, त्यानं गुणवंतीबाईंना ग्रुपमधून काढून टाकलं. त्यांनी मला वेगळा निरोप पाठवला. ‘मूळ फोटो तुमच्याकडे आहे. तुम्ही फक्त एवढं सांगा की ते माझे वडील आहेत. मी कोणाशी भांडणार नाही. आईला सांगायचं आहे.’

तो निरोप मी दोनतीनदा वाचला. मग ठरवलं.

काम पाच मिनिटांचं होतं. डागावरून ब्रश फिरवला की कॉम्प्युटर आजूबाजूची भिंत घेऊन तिथे भरतो. कुठे काही होतं हे कळतसुद्धा नाही. मी तो साफ केलेला फोटो ग्रुपवर टाकला, जुना काढला आणि खाली लिहिलं, ‘उजव्या कडेला माणूस नव्हता. निगेटिव्हला ओल लागून डाग पडला होता. दुरुस्त केला आहे. कृपया वाद थांबवावा.’

वाद थांबला. इतका, की दोन दिवस ग्रुपवर एक अक्षर आलं नाही. गुलाबही आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी जगदीश आला. बँकेत गेला नव्हता. त्यानं जुना फोटो आपल्या फोनमध्ये उतरवून ठेवला होता, तो माझ्यापुढे धरला.

“ह्यात काय केलंस तू?”

“तुझ्या फोनमधल्या फोटोला मी काय करणार?”

“दादा नाहीये ह्यात. डाग आहे नुसता.”

तो डाग मला पहिल्या दिवसापासून दिसत होता, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

“परवापर्यंत होता रे,” तो म्हणाला. “रोज सकाळी बघायचो. आईच्या फोटोसमोर धरायचो फोन.” मग तो उठला आणि निघाला. दुकानाची पायरी उतरताना त्यानं वळून बघितलं नाही.

दुपारी सोनूबाई आल्या, या वेळी एकट्याच. बस बदलत आल्या असणार. त्यांनी प्रिंट काउंटरवर उलगडला. चार कोपऱ्यांना पिना लावल्याची भोकं होती.

“खंय गेलो तो?”

मी मूळ निगेटिव्ह काढलं. दिव्याच्या काचेवर ठेवलं, भिंग लावलं आणि त्यांना खुर्चीवर बसवून दाखवलं. म्हटलं, “आजी, बघा. ह्याला मी हातही लावलेला नाही. हे जसं होतं तसंच आहे.”

त्या बराच वेळ भिंगाला डोळा लावून होत्या. मग मान वर केली.

“पयल्यांदा गेलो, तेव्हा इचारूक कोण नव्हता,” त्या म्हणाल्या. “आता तू आसस. सांग झिला, खंय धाडलंस तेका?”

मी पाणी दिलं. त्यांनी घेतलं नाही. प्रिंट तिथेच ठेवून त्या गेल्या. त्यांच्या मागोमाग मी नाक्यापर्यंत गेलो, बसमध्ये बसवून दिलं. खिडकीतून त्या समोर बघत होत्या.

परत आलो. दिव्याची काच चालूच राहिली होती. ती बंद करण्याआधी, निगेटिव्ह उचलण्याआधी, मी सहज भिंगाला डोळा लावला.

उजव्या कडेला माणूस उभा होता.

मी काच पुसली. निगेटिव्ह उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं. मग पुन्हा स्कॅन केलं.

पडद्यावर तो आणखी स्पष्ट होता. पस्तिशीचा. उभट चेहरा, दोन दिवसांची दाढी. अंगावर साधा पांढरा लेंगा आणि बंडी. कानावर तीळ नव्हता. बंडीला बटणं सगळी होती.

मी वही काढली. एकेचाळीस घरांनी सांगितलेल्या खुणा एकेक करून ताडून पाहिल्या. एकही जुळत नव्हती.

मी तो फोटो ग्रुपवर टाकला. गुणवंतीबाईंना परत आत घेतलं, एकेचाळीस घरांना वेगळे निरोप धाडले. ‘उजवीकडे उभे आहेत त्यांना कोणी ओळखतं का?’

उत्तरं आली. सगळ्यांची एकच. डाग आहे.

जगदीशनं सर्वांत शेवटी लिहिलं. ‘तूच म्हणालास ना, तिथे माणूस नव्हता.’ त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही.

घरी बायकोला दाखवलं. राजलक्ष्मी म्हणाली, “कुठे? हा पांढरा ठिपका का?” वडिलांचे जुने अल्बम काढले, आजोबांचे काढले. कोणाशीही तोंडवळा जुळत नाही. आमच्यातलं कोणी गिरणीत गेलं नाही. आमच्यातलं कोणी घर सोडून गेलं नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. ग्रुप बंद पडला. सोनूबाई गेल्या. लालबागला त्यांच्या चाळीत मी गेलो होतो. तिथे कोणी माझ्याशी बोललं नाही.

तो फोटो मी पुसलेला नाही. पुन्हा ती चूक मी करणार नाही. तो माणूस कोणाचा आहे मला माहीत नाही. बहुधा त्याला शोधणारं घरच उरलेलं नसेल.

बाकी सगळे व्यासपीठाकडे तोंड करून बसले आहेत. तो एकटा इकडे बघतोय. मी त्याला ओळखत नाही.

पण घरचं माणूस फार दिवसांनी समोर आल्यावर माणूस जसा हसतो, तसा तो माझ्याकडे बघून हसतोय.