एका रेघेची दुरुस्ती

दोघांची गाठ पडली ती एका तराजूपाशी. परदेशातल्या एका प्रयोगशाळेत ती दोन वर्षांसाठी संशोधनाला गेली होती, आणि त्या दुपारी तराजूवरचा शेवटचा आकडा काही केल्या स्थिरावत नव्हता. उपकरणांची अचूकता तपासणारा तिथलाच एक तंत्रज्ञ आला, त्यानं तराजूचं काचेचं दार लावलं आणि गंभीरपणे म्हणाला,

"तुम्ही जरा मागे सरकून श्वास घ्या."

"माझ्या श्वासानं आकडा हलतोय?"

"थोडासा. बाकीचा… बहुधा माझा हात थरथरतोय म्हणून."

"तंत्रज्ञांचे हात थरथरत नाहीत."

"एरवी नाही."

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढणं तिच्या बुद्धीला मान्य नव्हतं. म्हणून पुढचे अकरा महिने तिनं निरीक्षणं घेतली. चहाच्या वेळा जुळल्या, सुट्ट्या जुळल्या, भांडणंसुद्धा वेळेवर मिटू लागली. मग एका बुधवारी तिथल्या विवाह नोंदणी कार्यालयात दोघांनी सह्या केल्या.

आणि नेमकी तिथेच माशी शिंकली. हाती आलेल्या दाखल्यावर तिची जन्मतारीख एका दिवसानं चुकली होती. प्रयोगशाळेच्या वहीत चूक सापडली की काय करायचं, हे तिच्या अंगवळणी पडलेलं: गिरगटायचं नाही, एकच रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा, आद्याक्षरं आणि तारीख घालायची. तिनं तेच केलं. सहकाऱ्यानं करावी तशी त्यानंही खाली सही ठोकली. दोघंही स्वतःवर खूश होते.

वर्षभरानं दोघं तिच्या देशात आली. तो दाखला तिथल्या नोंदणी अधिकारी बाईंच्या हाती पडला, तेव्हा त्यांनी तो उजेडाकडे धरला.

"खाडाखोड आहे."

"दुरुस्ती आहे," ती म्हणाली.

"कोणी केली?"

"मी."

बाईंनी चष्मा काढला. "मग हा इथे चालणार नाही. आमच्या दप्तरी तुम्ही दोघं एकमेकांचे कोणी नाही."

तो पाहुण्यांच्या परवान्यावर आला होता. लग्नाची नोंद झाली नाही, तर एकोणीस दिवसांनी त्याला देश सोडावा लागणार होता.

"अगं, तिथल्या कारकुनानं केली म्हणून सांग," घरी मामांनी तोडगा काढला. "कोण जातंय विचारायला?"

"मी केली आहे, मामा."

"मग इथे पुन्हा लग्न करा आणि मोकळे व्हा," आई म्हणाली. "दोन सह्यांचं तर काम."

तो हसला. "माझी तयारी आहे, आई. हिच्याशी कितीही वेळा करीन."

ती मात्र इथल्या लग्नाच्या नोंदणीचा अर्ज वाचत होती. तिचं बोट एका ओळीवर थांबलं — 'मी अविवाहित आहे.'

"यावर मी सही करणार नाही."

"औपचारिकता आहे ती…" तो हळूच म्हणाला.

"विधान आहे. आणि चुकीचं आहे." तिनं अर्ज मिटून बाजूला ठेवला. "त्या बुधवारपासून मी तुझी बायको आहे. आयुष्यात या एकाच गोष्टीला मला पुरावा लागला नाही. ती घडलीच नाही असं मी लिहून देणार नाही… तुला जावं लागलं, तरीही."

मामांनी उगाचच पंखा बंद करून पुन्हा सुरू केला. तो तिच्याकडे बघत राहिला. अकरा महिन्यांत आणि त्यानंतरच्या वर्षात ती इतकं सलग कधी बोलली नव्हती.

आता एकच मार्ग उरला: तिकडच्या कार्यालयात मूळ नोंदवहीतली तारीख रीतसर दुरुस्त करून घ्यायची, मग नवा दाखला. आणि तो नवरा-बायकोपैकी कोणीतरी समक्ष हजर राहिलं तरच मिळणार. तिला नव्या नोकरीत रजा नव्हती.

"तसंही जायचंच आहे," तो म्हणाला. "मग कारण तरी आपलं असू दे."

तो गेला. तिकडे तो रांगांत उभा राहायचा, इकडे ती फोनची वाट बघायची — आणि वाट बघत नसल्यासारखं बोलायची.

"आज कारकून म्हणाला, एका दिवसाच्या फरकासाठी एवढा खटाटोप कशाला?"

"मग?"

"म्हटलं, तुम्ही माझ्या बायकोला ओळखत नाही."



गेल्यापासून त्रेचाळिसाव्या दिवशी तो विमानतळावरून थेट नोंदणी कार्यालयात आला; ती आधीच तिथे थांबली होती. बाईंनी नवा दाखला दोनदा वाचला, शिक्के तपासले, नोंद केली.

"मूळ तारखेपासून ग्राह्य. म्हणजे त्या दिवसापासूनच तुम्ही नवरा-बायको."

"ते आम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"असेल. आता आम्हालाही कळलं," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या.

जिना उतरताना त्यानं विचारलं, "मग… पाहुण्यानं किती दिवस राहिलेलं चालेल?"

"कोण पाहुणा?" असं म्हणत तिनं त्याच्या बॅगेचा दुसरा बंद हातात घेतला.