बिल्ल्यावरची वेणी

कोटाच्या कॉलरला लावायचे बिल्ले त्या कारखान्यात बनत. पितळी पत्र्यावर साच्याचा ठोका पडला की चित्राच्या रेषा बारीक बांधांसारख्या वर उठत. मागे सुई जोडली जाई आणि मग बिल्ला ताईपुढे येई. बांधांच्या मधल्या खाचांत ती सिरिंजने रंग भरायची. हात इतका स्थिर, की भट्टी सांभाळणारे मामा तिला चिडवत, "ताई, श्वास तरी घेता का हो मधून?"

आज मात्र तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. लेक तापाने फणफणलेली, घरी एकटी. कारखान्याच्या पाळीला उशीर होत होता म्हणून सकाळी तिची एकच वेणी घालून झाली; दुसऱ्या बाजूचे केस तसेच मोकळे राहिले. वर दाराला बाहेरून कडी घालून यावं लागलं. ताईला स्वतःचाच राग येत होता.

आजच्या बिल्ल्याचं चित्र साधंच होतं. घर, बंद लाल दार, रिकामं अंगण, मिटलेलं फाटक. तीन ट्रे भरून तिने भट्टीकडे दिले होते. पहिला भाजून आला तसं तिने भिंग डोळ्याला लावलं.

प्रत्येक बिल्ल्यावर दार उघडं होतं. उंबऱ्यात एक मुलगी उभी होती.

"मामा, साचा बदललात?"

"साचा म्हणजे काय सदरा आहे, रोज बदलायला?" मामांनी हसत भिंग घेतलं आणि त्यांचं हसू मावळलं. "भट्टीत रंग ओघळेल एखादे वेळी. पितळेची रेघ कशी सरकेल?"

मुलीच्या एका खांद्यावर वेणी होती. दुसऱ्यावर मोकळे केस.

ताईने भट्टीतून आलेले पुढचे ट्रे ओढून घेतले. "माझी पोर आहे ही."

दुसऱ्या ट्रेमध्ये मुलगी फाटकाशी पोचली होती.

तिसऱ्यात ती नव्हतीच. फाटक सताड उघडं होतं.

ताई तशीच पळत सुटली. हातमोजेही काढले नाहीत.

घराची कडी जशीच्या तशी होती. आत लेक खाटेवर बसून तिच्याकडे बघत होती. ताईचा जीव भांड्यात पडला. तिने पोरीला छातीशी घट्ट धरलं. ताप पार उतरला होता. अंग गारच लागत होतं.

"आधी खूप भाजलं गं आई," लेक म्हणाली. "आता नाही भाजत."

"बरं झालं बाई. थांब, तुझी राहिलेली वेणी घालते."

हातमोजे काढून ताईने तिचे मोकळे केस सारखे करायला पाठीवरून हात फिरवला. बोटाला काहीतरी टोचलं.

दोन्ही खांद्यांच्या मधोमध, फ्रॉकमधून, पितळेची एक बारीक सुई बाहेर आली होती.