तिहोमिरचा नंबर येईना

“शेवटचं कोण?” फ्लूची लस घ्यायला गेले, तेव्हा दवाखान्याच्या दारातूनच मी विचारलं. आमच्याकडे उभं राहून रांग लावत नाहीत. शेवटच्याचा चेहरा लक्षात ठेवायचा आणि त्याच्यामागून आत जायचं.

“मी,” खिडकीपाशी बसलेले गृहस्थ म्हणाले. टोपी गुडघ्यावर, डोळे असे निळे, की… जाऊ दे. माझं वय एकाहत्तर.

थोड्या वेळानं एक बाई आली. “शेवटचं कोण?”

“मी,” तेच पुन्हा म्हणाले.

“अहो, शेवटची मी आहे,” मी म्हटलं.

“तुम्ही दोघी व्हा की पुढं.”

तिसऱ्या माणसालाही त्यांनी असंच पुढं धाडलं, तेव्हा मला उमगलं. “फ्लूच्या लशीला घाबरता होय?”

ते हळूच म्हणाले, “हृदयात धातूची झडप आहे, बाई. शेजारी म्हणतो, सुई टोचली की ती बंद पडेल.”

“शेजारी डॉक्टर आहेत?”

“ट्रॅक्टर दुरुस्त करतो.”

“आणि डॉक्टर?”

“ते म्हणतात, घेच. गेल्या हिवाळ्यात फ्लूनंच आडवा झालो होतो… अकरा दिवस ऑक्सिजनवर. पुन्हा झाला तर हृदयाला झेपायचं नाही म्हणतात.” त्यांनी टोपी चुरगळली. “पण रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. रक्त थांबलंच नाही तर?”

“मग मी तुमच्या मागं. तुम्ही गेल्याशिवाय मी जाणार नाही. मला मधुमेह आहे. मला फ्लू झाला तर पाप तुमच्या माथी.”

“हा जुलूम झाला!”

“झालाच. उठा.”

आत मी त्यांच्याबरोबरच गेले. नर्स स्लाविका म्हणाली, “काका, गोळ्या बंद नाही ना केल्या? शाब्बास. बारीक सुई घेते. नंतर कापूस दोन मिनिटं घट्ट दाबायचा, चोळायचा नाही.”

सुई लागली, निघाली. पण टोपी सावरताना त्यांच्या हातून कापूस निसटला. मी तो धरला आणि दाबला.

“दोन मिनिटं झाली, मावशी,” स्लाविका म्हणाली.

“अजून थोडं,” तिहोमिर म्हणाले. हे नाव मी त्यांच्या कागदावर वाचलं होतं.

कापूस काढला. रक्ताचा एक ठिपका, बस्स. मग मीही टोचून घेतलं आणि पंधरा मिनिटं थांबायचं म्हणून आम्ही बाकावर बसलो.

“कसं वाटतंय?”

“झडप चालू आहे.” ते पहिल्यांदाच हसले. “तुमच्या हाताला भाजलेल्या मिरच्यांचा वास येतो.”

“हिवाळ्याची चटणी. चाळीस किलो लाल ढोबळ्या मिरच्या भाजून ठेवल्यात, त्यांच्या साली अजून सोलायच्यात.”

“एकटीनं?”

“दुसरं आहे कोण…”

त्यांनी टोपी डोक्यावर चढवली. “हिवाळा निघेल असं दिसतंय माझा,” ते म्हणाले. “उद्या येऊ का… सोलायला?”

“उद्या दंड दुखेल.”

“डावा दुखेल. उजव्यानं सोलेन.”