दाराबाहेरचा लाल जोड

मानवी मनात असं काहीही उरलेलं नाही, ज्याला मानसशास्त्राने नाव दिलेलं नाही. हे वाक्य मी अमरावतीच्या कॉलेजात दरवर्षी पहिल्या तासाला म्हणतो. दुसऱ्या तासापर्यंत मुलं कोचिंग क्लासला निघून गेलेली असतात, त्यामुळे त्याला आजवर कोणी हरकत घेतलेली नाही.

संक्रांत झाली आणि वलगावहून माझ्या बहिणीचा, गोदाबाईचा, फोन आला.

"दादा, अकोल्याले जा अन् पौर्णिमाले घेऊन ये. बायको सोडून सँडलवर जीव लावणारा जावई मले नाही पाह्यजे."

"गोदे, हे काही घटस्फोटाचं कारण होत नाही."

"मंग काहाचं होते? तूच शिकवतं ना हे पोराइले?"

जठारपेठेतल्या त्या फ्लॅटच्या दारातच भाचीची भरलेली बॅग उभी होती. हॉलमध्ये काचेचं कपाट. लोक त्यात ट्रॉफ्या ठेवतात. आमच्या जावयाने बायकांच्या उंच टाचांच्या सँडल ठेवल्या होत्या. दिसायला सगळ्या नव्या, तोंड पुढे करून, शाळेच्या फोटोसारख्या रांगेत. कुलदीप वीज कार्यालयात इंजिनिअर, स्वभावाने गरीब. लग्नाच्या पहिल्या वर्षी पौर्णिमाला वाटे, हे सगळं आपल्यासाठीच येतंय.

"मामाजी, मी फक्त पाहतो," तो म्हणाला. "फडक्यानं पुसतो. लहानपणी टॉकीजच्या पोस्टरपाशी उभा राहायचो, तेव्हापासून आहे हे. कोणाले काही त्रास आहे का?"

मी त्याला धीर दिला. मन कधी कधी माणसावर न बसता त्याच्या खुणेवर बसतं. कोणाला इजा होत नाही तोवर तो आजार नाही. आणि तो एकटाही नाही. सिनेमात नायिकेच्या टाचा आधी येतात, चेहरा मागाहून सवडीने पोचतो. तेव्हा अख्खं थिएटर शिट्ट्या मारतं आणि त्या थिएटरला कोणी डॉक्टरकडे नेत नाही.

"ते मले समजते, मामा," पौर्णिमा म्हणाली. "पण हा लाल जोड कोण घालून राहिलं, ते विचारा यायले."

तिने कपाटातून जोड काढून माझ्या हातात दिला. टाचा बाहेरच्या बाजूने झिजलेल्या. आत बोटांचे पाच खळगे, अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब. जोड सात नंबरचा. पौर्णिमाचा पाय चार नंबरचा, त्यात सरळ घसरत होता.

"मी शाळेत शिकवाले गेली की हे कोणाले तरी घरी आणतात."

"मामाजी, तुमची भाचीच रागानं घालते. मले जळवाले."

"सात नंबर?"

"मोजे भरून घालत असन."

दोघंही माझ्याकडे बघत राहिली. खोटं कोणाचं, ते मी सांगायचं. बॅग उचलायची की उघडायची, ते त्यावर ठरणार होतं.

मी शास्त्रीय मार्ग धरला. जोडाचे तळ ओल्या फडक्याने स्वतः पुसले, वाळवले, कपाटात ठेवून कुलूप लावलं, किल्ली स्वेटरच्या खिशात टाकली. दोघांना सोफ्यावर बसवलं, मधे मी. भर दुपार. बाल्कनीतून ऊन फरशीवर आलेलं. पौर्णिमाने तिळाचे लाडू ठेवले. कुलदीपचा लाडू हातातून निसटून कपाटासमोर पडून फुटला. कोणी उठलं नाही.

माझा पाय उगाच हलत होता. मी तो दाबून धरला.

बेल वाजली. बाहेरून शेजारच्या वच्छलाबाईंनी हाक मारली. आम्ही तिघांनी दाराकडे पाहिलं, पौर्णिमाने बसल्या जागेवरूनच "मंग या" म्हणून ओरडून सांगितलं.

आम्ही पुन्हा समोर पाहिलं.

फरशीवरचा लाडू सपाट झाला होता.

कुलूप होतं तसंच होतं. किल्ली खिशात. मी उघडलं.

लाल जोडाच्या तळाला गूळ आणि तीळ चिकटले होते.

आत हात घातला. कोमट होतं. जरा ओलसर.

"म्हणजे तू नव्हती," कुलदीप म्हणाला.

"अन् तुमी बी कोणाले आणलं नाही," पौर्णिमा म्हणाली, आणि रडायला लागली. सुटकेचं रडणं होतं. थोड्या वेळाने तिने बॅग आत नेली. इतक्या झटपट कोणाचा संसार सावरलेला मी पाहिला नव्हता. निघताना मला अभिमानच वाटत होता.

"जोड दाराबाहेर ठेवा," मी सल्ला दिला. "देवळाबाहेरून नवे जोडे जातात, इथून का नाही जाणार?"

गेला नाही. एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती. आपल्याकडे दाराबाहेरचं पायताण बघून माणूस आत कोण आहे ते ठरवतो. दूधवाल्याने जास्त दूध हवं का विचारलं. वच्छलाबाई दारापर्यंत येऊन परत जाऊ लागल्या: "पाहुणी हाये वाटते. येतो मंग मी." पौर्णिमा आधी नाही म्हणायची. मग तिने म्हणणं सोडलं.

गोदाबाईला मी कळवलं की पोरगी सुखात आहे. तशी ती आहे.

रथसप्तमीच्या आत वच्छलाबाईंनी हळदीकुंकू केलं. पौर्णिमा एकटीच गेली. वच्छलाबाईंनी तिला दोन वाणं दिली, एक तिचं, एक पाहुणीचं.

साबणदाण्या होत्या, प्लास्टिकच्या. दोन्ही वापरात आहेत.